उलट्या पायांची चंदा

यवतमाळ
२१ जुलै २०२५

शीलामावशी, नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नका, इकडं सारं बरं आहे. मागं तुम्ही सासूबाईंबद्दलचं गाऱ्हाणं चुकून अंगणवाडीच्या ग्रुपवर बोलून टाकलं अन् पांढरकवड्यापर्यंत डंका वाजला. तव्हापासून तुमचा हुकूम आहे का कामाचं असलं तं कागदावर लिहायचं, मोबाईलवर नाही. तं घ्या कागद.

मावशी, सिनेमा सापडला! माह्या याडीचा सिनेमा!

माहं दुकान तुम्हाले माहीत आहे, लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. दारव्हा रोडवरचे एक रिटायर साहेब परवा पोतंभर कॅसेटी घेऊन आले. एकीवर पेनानं लिहिलं होतं, 'पलीकडची चंदा, टीव्हीवरून'. लहानपणापासून ऐकत आलो का तांड्याच्या नाल्यापलीकडं मुंबईचे लोक आलते, भुताचा अन् प्रेमाचा सिनेमा काढला, अन् त्यातलं भूत आमची सुखीबाई. ती माही काकी. पण माय मेल्यावर तिनंच वाढवलं, म्हणून मी तिले याडीच म्हणतो, आमच्या बोलीत आई. बिचारीनं सोता तो सिनेमा कधी पाह्यला नाही. टीव्हीवर एकदाच लागला अन् त्याच दिवशी आपल्याकडची लाईन गेलती.

मी अर्धाच पाह्यला. खोटं कायले सांगू, निव्वळ भंगार आहे. इंजिनियर हिरो आपल्याकडच्या मे महिन्यात स्वेटर घालून फिरते. तो म्हणते, 'चंदा, तू आहेस?' मग चहा पिऊन यावं इतका वेळ गेल्यावर चंदा म्हणते, 'आहे... आणि नाही.' पण मावशी, ते भूत नाल्यातून येते ना, पाय उलटे! टाच पुढं, बोटं मागं. तोंडावर घुंगट, डोक्यावर घागर. माह्या अंगावर काटा आला. कसं केलं असन?

तीजेच्या सणाले साऱ्या तांड्यासमोर मोठ्या पडद्यावर लावतो. याडीले सांगू नका. तव्हा तिचं तोंड पाहायचं आहे मले.

तुमचा
राजकुमार


सावळदरी
२५ जुलै

चि. राजकुमार, आशीर्वाद.

ती कॅसेट आधी कुलपात घाल. कोणाले दाखवू नोको, कोणाजवळ बोलू नोको. मग पुढचं वाच.

सुखीनं मले तुही शपथ घातली होती, राजूले सांगाचं नाही म्हणून. सून बबिता पोटुशी, पोराच्या डोक्याले ताप नोको, म्हणे. ती शपथ आज मोडून राह्यली. पाप लागलं तं मले लागू दे.

होळीनंतर तांड्यातले दोन लेकरं तापानं फणफणले. एक वाचलं, एक गेलं. मग तांड्याच्या मुखियाची, सेवादास नाईकाची, म्हैस मेली. डॉक्टर म्हणाले डेंगू, मी सोता उभी राहून डबके बुजवले, पण डासाले दोष देऊन कोणाचं मन भरते बाबा? सुखी एकटी, विधवा, पोटी लेकरू नाही. कोणीतरी बोललं अन् वणवा लागला. डाकीण म्हणतेत तिले. तांड्यातले म्हणतेत तसे आमच्या कुणबी आळीतलेबी म्हणतेत, यात कोणी कोणापेक्षा शहाणं नाही.

अन् पुरावा काय देतेत, माहीत हाय? 'सुखीचे पाय उलटे होते, आमच्या बुढ्यानं डोळ्यानं पाह्यले.' अरे, ते याच सिनेमाचे पाय! शूटिंग झालं तव्हा सारा तांडा तेंदूपत्ता तोडाले जंगलात गेलता. घरी राह्यलेल्या दोन-चार म्हाताऱ्यायनं नाल्याच्या अलीकडून, दिवस बुडताना, पाह्यलं का सुखी उलट्या पायानं येऊन राह्यली. पांढरकवड्याले एक-दोघांनी टीव्हीवर पाह्यलं. ते म्हातारे मेले, सिनेमाचं नाव मेलं. पाय तेवढे राह्यले.

आता हातपंपावर ती आली का बाया घागरी उचलतेत. तिच्या अंगणातून लेकरू गेलं तं माय त्याच्यावरून मीठ उतरवते. अन् तीज झाली का सेवादास आदिलाबादकडून डाकीण ओळखणाऱ्या जाणत्याले आणणार. तो तिचे पाय पाहीन, तो बोलीन ते खरं, अन् सुखी तांड्याबाहेर. घर, वावर, सारं सोडून. अशा वख्ती तू ते पाय मोठ्या पडद्यावर दाखवाले निघाला! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतेत, तू त्या ब्रह्मराक्षसाले पडद्यावर आणून राह्यला.

तुही
शीलामावशी


यवतमाळ
२८ जुलै

मावशी,

तुमचं पत्र वाचलं अन् दुकानाचं शटर खाली ओढलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याले काय सांगतलं मले आठवत नाही.

दर आठवड्याले फोनवर बोलतो मी तिच्याशी. 'बेस आहे बेटा. पाणी बेस पडलं. तूर बेस आहे.' सारं बेस! अन् हातपंपावर तिले कोणी उभं राहू देत नाही! मी कोणाचा पोरगा आहे मग? तुम्ही तरी सांगायचं होतं. होळीपासून आतापर्यंत काय शपथ शपथ खेळत बसल्या?

मी रविवारी येतो अन् तिले घेऊन जातो. खोली एकच आहे, पडदा लावू. अन् सेवादासले पोलिसात देतो. कायदा आहे, मावशी. असं कोणाले डाकीण म्हणता येत नाही.

एक विचारू? रागावू नका. रात्रीपासून डोक्यात तेच आहे. मी तो सीन परत पाह्यला. थांबवून थांबवून पाह्यला. त्या काळी कंप्युटर नव्हते. पाय खरंच उलटे आहेत. खरं सांगा, ते कसं होतं?

राजकुमार


सावळदरी
३१ जुलै

राज्या,

तुह्या शेवटच्या ओळीसाठी तू समोर असता तं मी तुह्या कानशिलात ठेवून देली असती. त्या पायानं तुले खांद्यावर घेऊन ती तापात पांढरकवड्याच्या दवाखान्यात चालत गेलती. त्या पायाबद्दल तू मले विचारते? तुले इतकं वाटलं तं त्या अडाण्या लोकायचं काय घेऊन बसला!

आता ऐक. मी तिथं उभी होती. सुखीचं नुकतं लग्न झालतं. भुताचं काम करणारी मुंबईची बाई उन्हात चक्कर येऊन पडली, म्हणून त्यायनं सुखीले धरलं. तुहा काका खेमसिंग हौशी, तो लगेच हो म्हणाला. मग त्यायनं सुखीले कॅमेऱ्याकडं पाठ करून उभं केलं. घुंगट तोंडावर नाही, मागून डोक्यावरून पाठीवर सोडला. पाह्यणाऱ्याले वाटावं का हेच तोंड. अन् म्हणे, आता पाठमोरी चालत ये. पाहा, टाच आपोआप पुढं! डोक्यावर घागर, पाठीमागचं दिसत नाही, तं खेमसिंगनं बैलाचा कासरा तिच्या कमरेले बांधला अन् पळसाच्या झाडाआडून हळूहळू ओढत राह्यला. एवढंच ते भूत.

मी हे दहादा सांगतलं तांड्यात. तं म्हणतेत, तू तिची मैतरीण, तुले तिनं बांधून ठेवलं. खेमसिंग असता तं त्याचं ऐकलं असतं.

तिले न्याचं म्हणते तं विचारून पाह्यलं मी. म्हणाली, 'पळाली तं खरंच डाकीण होती म्हणतीन. मी माह्या घरातून हालत नाही.' पोलिसात मी जाऊन आली. जमादार चांगला माणूस हाय, फोन करा, येतो म्हणाला. पण ती म्हणते, पोलीस येईन अन् जाईन, मले यायच्यातच राहाचं हाय.

एक काम कर. मले आठवते, शेवटी शेवटी जोराचा वारा सुटलता अन् तिचा घुंगट उडालता. डायरेक्टर बोंबलला होता. ते सिनेमात ठेवलं का काढलं, पाह्य. सारा पाह्य. भंगार असो का काही असो.

शीलामावशी


यवतमाळ
४ ऑगस्ट

मावशी, माफ करा. हजारदा माफ करा.

आहे! ते सिनेमात आहे!

सारा सिनेमा पाह्यला, हा माहा मोठा उपकार समजा. हिरो पळसाले मिठी मारून गाणं म्हणते, तीन कडवे. भरदुपारी घुबड ओरडते. भुताचा भाऊ म्हणून एक मिशीवाला येते, रागानं पाहते अन् मग सिनेमाभर दिसतच नाही. चंदा का मेली तेही शेवटपर्यंत सांगत नाहीत. प्रेमकथा म्हणावं तं दोघं कधी जवळ उभे नाहीत, भुताची म्हणावं तं भेव लागत नाही. अन् हे आपण तीस वर्षं डोक्यावर घेऊन नाचलो!

पण अगदी शेवटी वारा येते. घुंगट उडते. अन् समोरून येणाऱ्या बाईच्या छातीवर वेणी लोंबताना दिसते अन् कांचळीच्या, म्हणजे चोळीच्या, पाठीवरच्या नाड्या! तांड्यातली कोणतीही बाई एका नजरेत ओळखीन का ही पाठ आहे. मुंबईवाल्यायले कांचळीची पुढची बाजू अन् मागची बाजू काय समजते, त्यायनं तसंच ठेवून देलं. मग याडीचा तोल जाते, ती मटकन बसते, घागर गडगडते. अन् मावशी, पळसाआडून कासरा धरलेला काका अर्धा बाहेर येते. हिरो दुसरीकडं पाहून म्हणूनच राह्यला, 'चंदा, थांब!'

काकाले हासताना पाह्यलं मी. मले त्याचा चेहरा नीट आठवतसुद्धा नव्हता.

आता सोपं झालं. तेवढा तुकडा कापतो अन् साऱ्या तांड्याच्या मोबाईलवर सोडतो. संपली गोष्ट.

राजकुमार


सावळदरी
८ ऑगस्ट

चि. राजू,

संपत नाही गोष्ट. तुकडा कापू नोको.

कालच सेवादासचा पोरगा ऋतिक मंदिरात बसून लोकायले मोबाईल दाखवत होता. वाघ मोटरसायकल चालवते, आंब्याच्या झाडाले हत्ती लागले. आजकाल काहीबी बनवता येते, म्हणे. सारे हो हो करत होते. तू तं व्हिडिओचाच धंदा करणारा. तुह्याजवळून तुकडा आला का पहिला तोच म्हणीन, राजकुमारनं काकीले वाचवाले बनवला. मग ते खरं असूनबी खोटं होईन, अन् पाय तेवढे खरे राहतीन.

दाखवाची तं ती जुनी कॅसेटच. जुन्या मशिनीवर, जुन्या टीव्हीवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, साऱ्यायच्या डोळ्यासमोर. मी सेवादासलेच जाऊन सांगतलं का तीस वर्षांपूर्वीचा आपला तांडा सिनेमात हाय, मेलेले माणसं दिसतेत. लगेच म्हणाला, लावा मंदिराच्या सभामंडपात, गोकुळाष्टमीले दुपारी. त्यालेबी त्याचा बाप पाहाचा असन.

भेव एकाच गोष्टीचं हाय. तू म्हणते तसा सिनेमा रटाळ असला, तं लोकं उलटे पाय पाहतीन अन् वारा सुटाच्या आधी उठून घरी जातीन. मग आपणच आपल्या हातानं तिले तांड्याबाहेर काढलं असं होईन.

सुखीले सारं सांगतलं. तिनं विचारलं, 'माहं तोंड दिसते ना व शीले त्यात?' काय सांगू तिले?

शीलामावशी


यवतमाळ
१३ ऑगस्ट

मावशी,

घाईत लिहितो. बबिताले काल दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणतात आजउद्यात होईन, बीपी वाढलं आहे, तुम्ही हालू नका. मी येऊ शकत नाही. इकडं बायको, तिकडं माय. जीव अर्धा अर्धा झाला.

टीव्ही, व्हीसीआर अन् कॅसेट दुकानातला आमचा गोपाल त्याच्या गाडीनं आणून देते. त्याले रात्रीच परत यायचं आहे, तुम्हालेच चालवा लागन. लाल बटन चालू, काळं बटन बंद. मधात कुठीबी थांबवू नका, फिरवू नका. फीत जुनी आहे, बुरशी लागलेली. मी साफ केली, पण भरवसा देत नाही. माह्याजवळ कंप्युटरवर कॉपी आहे, पण तुम्ही म्हणता तशी ती कामाची नाही.

तोंड दिसत नाही, मावशी. एकदाही नाही. एका ठिकाणी घुंगट वर करते तव्हा मुंबईवाल्या बाईचं तोंड आहे. सिनेमाच्या पाटीवरचे नावंबी पाह्यले, याडीचं नाव नाही. इतके वर्षं ती साऱ्यायले सांगत आली का मी सिनेमात आहे. हे मी फोनवर सांगू शकलो नाही. दोनदा लावला अन् 'बेस आहे ना?' म्हणून ठेवून देला. तुम्ही सांगा. नाहीतं नका सांगू. तुम्हाले बरं वाटीन तसं करा.

राजकुमार


सावळदरी
१७ ऑगस्ट

चि. राजकुमार अन् चि. सौ. बबिता यांस आशीर्वाद.

पोरगी झाली, दोघी खुशाल, हे सकाळी फोनवर समजलं. पण बाकीचं फोनवर सांगाचं नव्हतं. बसून वाच.

तोंडाचं मी तिले आधीच सांगून टाकलं. मंडपात साऱ्यायसमोर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. पोळ्या करत होती, करत राह्यली.

काल दुपारी मंडप गच्च भरला. खिडक्यायले ताडपत्री लावली. सेवादास समोर खुर्चीत. सुखी मागं खांबाजवळ एकटी, तिच्याभोवती चार माणसं बसतीन एवढी जागा मोकळी. जीव जळला माहा, मी मशीन सोडून जाऊ शकत नव्हती. घनश्यामरावले म्हटलं, तुम्ही जा, बसा तिच्याजवळ. आमचे हे कधी नाही ते ऐकून गेले.

पहिले तं मज्जा आली. 'अरे, हा तं माहा बुढा!' 'ते पाह्य आपली कवडी गाय!' बाया रडतेत, हासतेत. सेवादासचा बाप चिलीम ओढताना दिसला तं सेवादासनं हात जोडले.

मग नाल्यातून ते पाय आले.

राजू, तो आवाज मी विसरणार नाही. आवाज कसला, सारा आवाज बंद झाला. पंखा ऐकू येत होता. एका बाईनं लेकरू पदराखाली घेतलं. अन् मग एकेक मुंडकं मागं वळलं, सुखीकडं. सेवादास म्हणाला, 'पाहून घ्या. मी कायले खोटं बोलू?' मनात म्हटलं, आता उठू नका रे बाबाहो, शेवटपर्यंत बसा.

पण तुहा तो सिनेमा! तो इंजिनियर बोलाले लागला, अन् बोलतच राह्यला. गाण्याच्या दुसऱ्या कडव्याले पोट्टे बाहेर गेले. मग माणसं तंबाखू खाले उठले. बाया म्हणाल्या, तीजेच्या टोपल्यातल्या गव्हाले पाणी द्याचं हाय. मी वरडली, 'थांबा व, शेवट चांगला हाय!' कोणी ऐकते? निम्मा मंडप रिकामा झाला. सेवादास बसून होता, पण तोबी चप्पल शोधत होता.

अन् वारा सुटला. टीव्हीवर पळसाची फांदी हालली, मी पाह्यली. देवा, म्हटलं, आता. अन् मशिनीतून कर्रर्र आवाज. टीव्हीवर आडव्या रेघा, मग निळं. फीत मशिनीनं गिळली. मी बोटं घालून ओढली तं हातभर गुंता बाहेर आला, अन् मधातून तुटलेला.

ऋतिक म्हणाला, 'पाह्यलं? तिनंच बंद पाडली.' दारातले लोकं थबकले. सेवादास उठला अन् म्हणाला, 'जाणत्याले उद्या कायले, आजच बोलवा.'

मी रडाले लागली राजू. मोठी अंगणवाडीवाली बाई, साऱ्यायसमोर हमसून हमसून रडली.

तेवढ्यात सुखी उठली. कोणाकडं न पाहता समोर आली. सेवादासच्या नातीच्या खांद्यावरची ओढणी काढून घेतली, पोट्टी घाबरून किंचाळली. सुखीनं साऱ्यायकडं पाठ केली, ओढणी डोक्यावरून पाठीवर सोडली. पाण्याचा लोटा उचलून डोक्यावर ठेवला. अन् चालाले लागली. पाठमोरी. हळूहळू, लोटा न हालवता, सेवादासच्या दिशेनं. टाच पुढं, बोटं मागं. दारातून पाहणाऱ्यायले अगदी टीव्हीवरच्यासारखं.

सेवादास मागं सरकला. सरकता सरकता भिंतीले टेकला. सुखीले मागचं दिसत नव्हतं. तिची टाच खाडकन त्याच्या अंगठ्यावर पडली. 'याडी ये!' म्हणून तो नाईक असा बोंबलला का बाहेरचे कुत्रे भुकाले लागले. लोटा पडला, सारं पाणी त्याच्या धोतरावर.

मग साऱ्यायत म्हातारी मानीबाई, जिले धड दिसतबी नाही, ती खोकल्यासारखं हासली. 'अरे, ही तं पाठमोरी हाय! येड्याहो, ही तं पाठमोरी चालते!' अन् मग जो हासा फुटला! बाया एकमेकीच्या अंगावर पडून हासल्या. पोट्टे आत आले, डोक्यावर दुपट्टे, टॉवेल, काय सापडलं ते घेऊन उलटे चालाले लागले, एकमेकाले धडकाले लागले. सेवादासची नात साऱ्यायत चांगली चालली. मग काय विचारते! 'मले तं पहिलेपासून माहीत होतं.' 'मी म्हटलंच होतं, सिनेमातलं हाय ते.' खुद्द सेवादास धोतर पिळत म्हणाला, 'आपण कुठं काय म्हटलं? लोकं म्हणत होते.'

त्याच्याच घरून चहा आला. सुखीलेबी कप आला. जाणत्याचं नाव कोणी काढलं नाही.

तिनं चहा घेतला नाही. मले हळूच विचारलं, 'कॅसेट तुटली, तं खेमसिंगबी गेला काय व?' मी म्हटलं, राजूजवळ कॉपी हाय. मान हालवली अन् घरी गेली.

शीलामावशी


यवतमाळ
२१ ऑगस्ट

मावशी,

तुमचं पत्र बबिताले वाचून दाखवलं. हासता हासता तिले टाके दुखले. मग मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो, ते वेगळं.

जिंकली माही याडी! आता तिले तिथून हालवायचं नाव मी काढत नाही. तिचंच खरं होतं, पळाली नाही म्हणून वाचली. आता मान वर करून तिच्या घरात राहू द्या तिले. पोरीले घेऊन आम्हीच दिवाळीले येतो. तिले सांगा, घाई करू नको, यवतमाळच्या खोलीत तुले करमणार नाही, तुहा तांडाच बरा.

तुमचा
राजकुमार


सावळदरी
२५ ऑगस्ट

चि. राजकुमार, आशीर्वाद.

तुहं पत्र तिले वाचून दाखवलं तव्हा ती पेटीत लुगडे भरत होती.

ती उद्याच्या सकाळच्या एसटीनं येऊन राह्यली. राहाले. पोरगी पाहाले नाही, राहाले. वावर आम्हाले बटईनं देलं, घराची किल्ली माह्याजवळ हाय.

मी तिच्यावर वरडली, तुले सांगतो. म्हटलं, सुखे, डोकं फिरलं काय? इतके महिने ते काढत होते तं तू उंबऱ्यातून हालली नाही. आता कोणी काढून नाही राह्यलं. पंपावर बाया तुले हाका मारतेत, सेवादासची सून तीजेचा प्रसाद घेऊन आली, अन् आता तू चालली?

तं म्हणाली, 'शीले, एकानं तरी म्हटलं काय, सुखी, आमचं चुकलं? हासले अन् विसरून गेले. पाणी भरू नाही देलं ते विसरले, माह्यापायी लेकरायवरून मीठ उतरवलं ते विसरले. उद्या कोणाचं लेकरू पुन्हा आजारी पडन तं हेच तोंडं माह्याकडं वळतीन. मले आता भेव नाही व लागत. मले यायचा कंटाळा आला.' मग पेटीचं झाकण दाबून बसली अन् म्हणाली, 'तव्हा गेली असती तं डाकीण गेली असं झालं असतं. आता सुखी चालली.'

तीस वर्षांची मैतरीण चालली माही. रागबी येऊन राह्यला, रडूबी. तू खोलीत पडदा लाव अन् तिले खिडकीजवळची जागा देजो. तिले जास्त विचारत बसू नोको.

आता हे पाकीट बंद करून तिच्याच हाती देतो. ती आज मुक्कामाले माह्याच घरी हाय. सेवादासनं निरोप धाडला का पेटी उचलाले मी येतो फाट्यापर्यंत. तिनं नाही म्हणून सांगतलं, पेटी तीच उचलणार. तरी सारा तांडा पोहोचवाले येणार म्हणते. सकाळपासून एकेक जण माह्या दारात येऊन मले विचारून राह्यला, आता तं सारं ठीक झालं, मग सुखी काहून चालली? अन् एकालेबी खरंच समजून नाही राह्यलं.

तुही
शीलामावशी